७×५७ माऊझर: जुन्या शिकारी रायफलीची दुरुस्ती आणि काडतुसाची निवड, कामाच्या नोंदी

रायफल ७×५७ ची, माऊझर ९८ पद्धतीच्या बोल्टची (बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग), ५६० मिमी नळी, अक्रोडाचा दस्ता, वर जुनी दुर्बीण. तक्रार एकच: गोळ्या एका जागी पडत नाहीत. अशा वेळी बहुतेक जण आधी काडतूस बदलतात, मग दुर्बीण बदलतात, आणि शेवटी ७×५७ (७ मिमीची गोळी, ५७ मिमी लांब पुंगळी, म्हणजे पितळी कवच) हे काडतूसच जुनं म्हणून रायफल कपाटात जाते. काडतुसावर खापर फोडण्याआधी नळी, तोंड, दस्ता आणि दुर्बिणीचं बैठक-काम एकेक करून तपासायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, या पद्धतीनं हे काम केलं. अशीच रायफल हाती असलेल्यांसाठी नोंदी तारखेनुसार ठेवल्या आहेत.

३ नोव्हेंबर: खुणा वाचणं

मॅगझिन रिकामं, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं, बोल्ट बाहेर. नळीत आरपार उजेड दिसल्यावरच पुढचं काम.

नळीवरचा काडतुसाचा शिक्का भिंगाखाली वाचला. इथे घाई नको, कारण सात मिलिमीटरची काडतुसं बरीच आहेत. ७×५७ आणि ७×५७ आर ही दोन वेगळी. ‘आर’ म्हणजे कड असलेली पुंगळी, ती मोडून उघडणाऱ्या बंदुकांसाठी. ७×६४ ची पुंगळी तर याहून पूर्ण ७ मिमी लांब. इंग्लंडमध्ये बनलेल्या रायफलीवर ‘.२७५ रिग्बी’ असा शिक्का असेल तर ते हेच ७×५७ काडतूस, फक्त नाव ब्रिटिश पद्धतीचं. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी रायफल याच काडतुसाची होती.

दुसरी महत्त्वाची ओळख बोल्टची. १८९३ आणि १८९५ च्या माऊझरला पुढे दोनच कुलूप-दांडे असतात. ९८ ला मागे तिसरा सुरक्षा-दांडा असतो, आणि पुंगळी फुटलीच तर गॅस बाजूला काढून देणारी भोकंही असतात. कारखानी काडतुसांचा दाब सगळीकडे सारखा नाही. अमेरिकी मानकात ७×५७ ची कमाल मर्यादा ५१,००० पीएसआय, म्हणजे साधारण ३५२ मेगापास्कल. युरोपीय मानकात ती ३९० मेगापास्कल. अमेरिकी मर्यादा कमी ठेवण्यामागे १८९३-९५ च्या जुन्या रायफलीच आहेत. ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांनी युरोपीय दाबाची काडतुसं घालू नयेत. इथे ९८ चा बोल्ट आहे, म्हणून दोन्ही चालतात, पण हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) बरोबर निघाली तरच.

५ नोव्हेंबर: हेडस्पेस

बोल्टचं तोंड ते चेंबरचा खांदा (चेंबर जिथे अरुंद होतं ती जागा) हे अंतर मोजायचं. बोल्टमधून फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढली, एक्स्ट्रॅक्टरही (पुंगळी बाहेर ओढणारा पंजा) उतरवला. एक्स्ट्रॅक्टर तसाच ठेवून गेज घातला तर ९८ चा रुंद पंजा गेजच्या कडेवर अडतो, आणि बोल्ट बंद होत नाही म्हणजे जागा कमी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

किमान जागा तपासणाऱ्या ‘गो’ गेजवर बोल्ट एका बोटानं बंद झाला. कमाल जागा तपासणाऱ्या ‘नो-गो’ गेजवर बोल्टची मूठ अर्ध्यातच थांबली. दोन्ही बरोबर. मूठ जोरानं दाबून पाहायची नाही, गेज कठीण पोलादाचा असतो आणि चेंबरचा खांदा त्यानं दबतो. दोन्ही गेज एकाच मानकाचे घ्यावेत. अमेरिकी ‘गो’ आणि युरोपीय ‘नो-गो’ अशी जोडी करून मोजलेल्या मापाला अर्थ नाही.

बोल्टच्या पुढच्या कुलूप-दांड्यांवर मार्कर लावून बोल्ट उघडबंद केला. दोन्ही दांड्यांवरची शाई पुसली गेली, म्हणजे दोन्ही टेकतात. एकाच दांड्यावरची पुसली असती तर काम इथेच थांबवून रायफल बंदूकदुरुस्तीच्या कारागिराकडे द्यावी लागली असती.

८ नोव्हेंबर: आहे तशी चाचणी

काहीही दुरुस्त न करता १०० मीटरवर पाच गोळ्या, १४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) टोकदार सॉफ्ट-नोज, म्हणजे उघड्या शिशाच्या टोकाची, वाळूच्या पिशव्यांवरून. पसारा, म्हणजे सर्वात लांबच्या दोन गोळ्यांमधलं अंतर, ११० मिमी, आणि तो उभा. पहिल्या दोन गोळ्या जवळजवळ, नंतरची प्रत्येक आधीच्यापेक्षा वर. नळी तापत जाते तशी गोळी वर चढत असेल तर दस्त्याचं पुढचं टोक नळीला खालून रेटतंय असं समजायचं. कागद जपून ठेवला. पुढे प्रत्येक बदलानंतर याच अंतरावर, याच काडतुसानं, इतक्याच गोळ्या झाडायच्या. नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

१० ते १३ नोव्हेंबर: नळीची सफाई

बराच वेळ इथे गेला. वरवर नळी चकचकीत दिसत होती. तोंडाकडून बॅटरी धरून तिरकं पाहिलं तर आट्यांच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) उंच पट्ट्यांवर तांब्याची झाक, आणि चेंबरच्या पुढच्या भागात काळा कडक थर.

क्रम असा ठेवला: आधी कार्बन, मग तांबं. बहुतेक लोक थेट तांबं काढणारं अमोनियाचं द्रावण ओततात. जुन्या नळीत तांबं आणि कार्बन एकावर एक थरांत बसलेले असतात. वरचा कार्बन निघाला नाही तर द्रावण खालच्या तांब्यापर्यंत पोचतच नाही. चिंधी पांढरी बाहेर येते आणि नळी साफ झाली असं वाटतं. इथेही पहिल्या दिवशी तेच झालं. चिंधी स्वच्छ आली. नंतर कार्बन काढणारं द्रावण रात्रभर ठेवून सकाळी ब्रश फिरवला, आणि पुन्हा अमोनियाची चिंधी घातली तर ती गडद निळी आली, म्हणजे आता तांबं सुटत होतं. कार्बन, तांबं, कार्बन, तांबं असं आलटून पालटून करत राहिल्यावर निळा रंग फिका होत थांबला.

अमोनियाच्या द्रावणाबरोबर पितळी किंवा ब्राँझचा ब्रश आणि पितळी जॅग (दांडीचं चिंधी धरणारं टोक) वापरू नका. द्रावण ब्रशलाच खातं, चिंधी निळी येत राहते, आणि साफ झालेली नळी उगाच घासली जाते. नायलॉनचा ब्रश आणि निकेलचा मुलामा दिलेला जॅग घ्यावा. अमोनियाचं द्रावण नळीत रात्रभर ठेवू नये, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त तर नाहीच. काम खिडक्या उघड्या ठेवून.

सफाईची दांडी एकसंध हवी, जोडांची नको. ती चेंबरकडून, बोअर-गाइडमधून (दांडी मध्यावर ठेवणारी नळी) घालायची. जोडांच्या अ‍ॅल्युमिनियम दांडीत धुळीचे कण रुततात आणि ती कानशीसारखी आटे घासते.

चेंबरपुढच्या भागात बारीक खड्डे निघाले. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बारूद पेटवणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असायचं. उडाल्यावर मागे पोटॅशियम क्लोराइड राहतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि पोलाद गंजवतं. तेलानं हे मीठ जात नाही, पाण्यानं जातं. तशी काडतुसं कधी झाडावी लागलीच तर त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओतायचं, कोरडी करायची, मग तेल. झालेले खड्डे भरून येत नाहीत. ते आट्यांच्या कडा खाईपर्यंत खोल नसतील तर नेमबाजीला फारसा फरक पडत नाही, फक्त तिथे तांबं लवकर बसतं.

सफाईनंतर पाच गोळ्या: पसारा ९० मिमी. अजूनही उभाच.

१७ नोव्हेंबर: चेंबरचा साचा

कमी तापमानाला वितळणारा सेरोसेफ हा मिश्रधातू घेतला. तो साधारण ७१ ते ८८ अंश सेल्सियसमध्ये वितळतो. रायफल तोंड खाली करून उभी बांधली, चेंबरच्या पुढे दीड-दोन सेंटिमीटरवर नळीत चिंधीचा घट्ट बोळा बसवला, आणि धातू मागून ओतला.

पहिला साचा वाया गेला. नळी गार होती, धातू भिंतीला लागताच थिजला आणि पृष्ठभागावर सुरकुत्या आल्या. दुसऱ्यात सुरकुत्या नव्हत्या, पण जागोजागी खळगे, कारण चेंबरमध्ये तेल जास्त राहिलं होतं. तेल लावून कोरड्या चिंधीनं जवळजवळ पुसून काढायचं आणि चेंबरचा भाग केस वाळवायच्या यंत्रानं हाताला गरम लागेपर्यंत तापवायचा. मग साचा गुळगुळीत आला. हा धातू थिजल्यावर आधी आकसतो आणि नंतर फुगतो, म्हणून अर्ध्या तासाच्या आत तोंडाकडून लाकडी दांडी घालून तो ढकलून काढायचा. माप साधारण तासाभरानं घ्यायचं. त्या सुमाराला तो चेंबरच्या खऱ्या मापाला येतो.

साच्यावरून दोन गोष्टी कळल्या. चेंबर ७×५७ चंच आहे, खांदा जागेवर आहे. आणि पुंगळीच्या तोंडापासून आटे सुरू होईपर्यंतचा गळा लांब आहे. हा दोष नाही. हे काडतूस माऊझरनं १८९२ च्या सुमाराला तयार केलं, स्पेननं ते १८९३ च्या रायफलीबरोबर स्वीकारलं, आणि तेव्हाची गोळी ११.२ ग्रॅमची, म्हणजे १७३ ग्रेनची, लांब आणि गोल टोकाची होती. गळा त्या गोळीसाठी कापलेला. आजची १४० ग्रेनची गोळी आखूड असते. पुंगळीतून सुटल्यावर आट्यांना लागेपर्यंत ती बरंच अंतर आधाराशिवाय जाते. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअरांनी याच काडतुसानं लांबवर नेमबाजी केली, तीही त्या जड गोल गोळीनं. साचा हातात घेऊन शेजारी १४० आणि १७५ ग्रेनची काडतुसं ठेवली की फरक डोळ्यांनी दिसतो: जड गोळीचा पूर्ण जाडीचा भाग आट्यांच्या किती तरी जवळ येतो.

आट्यांचा पीळही मोजला. घट्ट चिंधी लावलेल्या दांडीवर खूण केली, ती एक पूर्ण फेरा फिरेपर्यंत किती आत जाते ते पाहिलं: २२० मिमी. म्हणजे मूळचाच पीळ. जड गोळी स्थिर ठेवायला तो पुरेसा आहे.

२१ नोव्हेंबर: नळीचं तोंड

मऊ शिशाची गोळी सफाईच्या दांडीनं चेंबरकडून तोंडाकडे ढकलत नेली. मधल्या भागात सारखा विरोध, शेवटच्या सेंटिमीटरला एकदम सैल. पिन-गेजनं खात्री केली. आट्यांच्या उंच पट्ट्यांमधलं मूळ माप ६.९८ मिमी असायला हवं, इथे ७.०३ ची पिन तोंडातून साधारण ८ मिमी आत गेली. कुणीतरी वर्षानुवर्षं तोंडाकडून दांडी घालून साफ केल्याची ही झीज आहे. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श जिथे होतो तीच जागा लंबगोल झाली, तर गॅस एका बाजूनं आधी सुटतो आणि गोळीला कलतं करतो.

दोन उपाय होते. नळी कापून नवं तोंड करायचं, किंवा झिजलेला भाग आतून मोठा करून आट्यांची खरी कड आत न्यायची. कापलं तर माशीचा (नेम धरायची पुढची खूण) पट्टा हलवावा लागतो, कायदेशीर किमान लांबी आणि चाचणीचे शिक्के यांचाही विचार येतो. म्हणून आतून १० मिमी खोल मोठं करून घेतलं. हे लेथवरचं काम, परवानाधारक कारागिराकडूनच. त्याला एकच गोष्ट ठासून सांगायची: केंद्र नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून धरू नका, आतल्या भोकात बसणाऱ्या पायलटवरून धरा. जुन्या नळ्यांत भोक बाहेरच्या गोलाशी समकेंद्री असेलच असं नाही. बाहेरून धरलं तर नवी कड एका बाजूला खोल कापली जाते आणि आधीपेक्षा वाईट होते.

परत आल्यावर नव्या कडेवरून कापसाचा बोळा आतून बाहेर फिरवला. कुठेही धागा अडकला नाही, म्हणजे कडेवर धातूचे बारीक कंगोरे राहिलेले नाहीत.

पाच गोळ्या: ७० मिमी. आडवा पसारा निम्म्यावर आला, उभा चढ मात्र अजून आहेच.

२४ ते २९ नोव्हेंबर: दस्ता

दस्ता काढला आणि कारण समोर आलं. धक्का पेलणाऱ्या लगच्या (अ‍ॅक्शनखालचा आडवा ठोकळा) मागचं लाकूड तेल पिऊन मऊ झालेलं, नखानं दाबलं तर खूण उठत होती. अ‍ॅक्शनच्या (बोल्ट ज्यात चालतो तो पोलादी भाग) शेपटीच्या मागे केसासारखी बारीक चीर. लग मागे सरकतो, मग धक्का शेपटीवर येतो, आणि शेपटी पाचरीसारखी लाकडात घुसून दस्ता फाडते. जुन्या माऊझरचे बहुतेक दस्ते याच जागी फुटतात.

तेल काढणं हे चिकाटीचं काम. अ‍ॅसिटोनमध्ये खडूची बारीक पूड कालवून लेप लावला, वाळल्यावर पिवळट झालेली पूड खरवडली, पुन्हा लेप. पूड पांढरीच राहायला लागेपर्यंत हे चालू ठेवायचं. तेल राहिलेल्या लाकडाला इपॉक्सी चिकटत नाही. वरून घट्ट बसल्यासारखी दिसते आणि थोड्या गोळ्यांनंतर पापुद्र्यासारखी सुटते. अ‍ॅसिटोन पेट घेतं, म्हणून जवळ ज्योत किंवा हीटर नको.

चिरेत पातळ इपॉक्सी सुईनं भरली, चीर हलकेच उघडबंद करून आत खेचू दिली, आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून एक दिवस ठेवली.

मग बेडिंग, म्हणजे अ‍ॅक्शन दस्त्यात इपॉक्सीच्या थरावर नेमकी बसवणं. लगच्या मागची आणि अ‍ॅक्शनच्या पुढच्या रिंगखालची मऊ झालेली जागा २-३ मिमी खोदून काढली. लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांवर पातळ प्लॅस्टिक टेप लावली, मागच्या पृष्ठभागावर नाही. लग फक्त मागेच टेकला पाहिजे. बाकी बाजूंनीही घट्ट बसला तर रायफल दस्त्यातून काढताना बेडिंगच्या कडा तुटतात. चापाची खाच, स्क्रूंची भोकं आणि मॅगझिनच्या कोपऱ्यांत मॉडेलिंगची माती भरली. सगळ्या पोलादावर मेणाचे दोन हात, मधल्या वेळात पुसून. ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी इपॉक्सी एखाद्या खाचेत शिरून कुलूप झालं तर दस्ता फोडूनच अ‍ॅक्शन निघते.

नळी मध्यावर राहावी म्हणून पुढच्या टोकाला टेपचे थर दिले. स्क्रू हातानं टेकतील इतकेच घट्ट केले. इथे जोर लावला तर अ‍ॅक्शन वाकलेल्या स्थितीत बेडिंग घट्ट होतं, आणि तो वाक कायमचा राहतो.

खोली थंड होती आणि २४ तासांनंतरही इपॉक्सीत नख रुतत होतं. पिवळा बल्ब लांबून लावून खोली उबदार ठेवली, आणखी एक दिवस थांबलो. मगच अ‍ॅक्शन काढली. रबरी हातोडीनं नळीला वरच्या दिशेनं हलकी थाप दिल्यावर ती सुटली. लगच्या मागे आरशासारखा गुळगुळीत ठसा आला. रिंगखाली एक मोठा हवेचा बुडबुडा होता, तो थोड्या इपॉक्सीनं भरला. छोटे बुडबुडे सोडून दिले, त्यांनी काही बिघडत नाही.

शेपटीच्या मागे कानशीनं एक मिलिमीटरची फट केली. बाहेरून दिसायला ती बरी नाही, पण दस्ता पुन्हा फुटणार नाही. नळीच्या खालचं लाकूड गोल सॅंडपेपरनं इतकं काढलं की दोन जाड कागद लगपर्यंत सहज सरकतात. उघड्या लाकडाला आतून बाहेरून सील केलं, नाहीतर पावसाळ्यात ते पुन्हा नळीला टेकतं.

स्क्रू पुढचा आधी, मग मागचा, साधारण ४.५ न्यूटन-मीटर. लाकडी दस्त्यात आधाराच्या धातूच्या नळ्या नसतील तर याहून जास्त ताण देऊ नये, लाकूड दबत जातं आणि ताण पुन्हा सैल होतो.

पाच गोळ्या: ४८ मिमी, गोलसर. उभा चढ पूर्ण गेला. या कामातला सर्वात मोठा फायदा इथे झाला.

४ डिसेंबर: दुर्बिणीची बैठक

दुर्बीण जिच्यावर बसते त्या पुढच्या पट्टीचा, म्हणजे बेसचा, एक स्क्रू ढिला होता, एक जुनाच दुसऱ्या मापाचा. तो बदलून नवा घातला आणि बोल्ट बंद होईना. बोल्टची मूठ खाली येताना शेवटच्या भागात खरखरीत अडत होती. कारण: नवा स्क्रू अर्ध्या मिलिमीटरनं लांब. अ‍ॅक्शनच्या पुढच्या रिंगवरचं एक भोक बोल्टच्या कुलूप-दांड्यांच्या फिरण्याच्या जागेवर येतं, आणि स्क्रूचं टोक आत डोकावलं तर दांड्यावर घासतं. जोर करून बोल्ट चालवला तर दांड्याच्या कडेवर खाच पडते.

दुसऱ्या भोकात उलटा प्रकार. ते बंद तळाचं आहे. स्क्रू तळाला टेकला की टॉर्क-पाना (ताण मोजणारा पाना) ‘घट्ट’ सांगतो, पण बेस मात्र सैलच. उपाय सोपा: प्रत्येक स्क्रू बेसशिवाय हातानं घालून किती फेरे जातो ते मोजायचं, मग बेससह. बेसची जाडी वजा जाता फरक राहायला हवा. लांब स्क्रू कानशीनं आखूड केला, टोकाची कड मोडली, निळी मध्यम ताकदीची थ्रेड-लॉकर एक थेंब.

दुर्बिणीच्या रिंगांचे स्क्रू २ न्यूटन-मीटरला, चारही आलटून पालटून. त्याहून जास्त ताणलं तर दुर्बिणीची नळी दबते आणि आतली यंत्रणा अडते.

९८ च्या मूळ फिरकी सेफ्टीचा पंख वर उचलताना दुर्बिणीला लागतो का, हे आत्ताच पाहायचं. इथे बाजूची सेफ्टी आधीच बसवलेली होती.

९ डिसेंबर: काडतुसांची तुलना

आता कुठे काडतुसाचा प्रश्न विचारायला अर्थ आला. १४० ग्रेन टोकदार आणि १७५ ग्रेन गोल टोकाची, दोन्ही कारखानी सॉफ्ट-नोज. खोक्यांवरचे वेग अनुक्रमे ८१० आणि ७४४ मीटर प्रति सेकंद. ते चाचणीच्या लांब नळीचे असतात. इथल्या ५६० मिमी नळीतून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) सरासरी ७८५ आणि ७२० आले.

क्रोनोग्राफ तोंडापासून तीन मीटरवर ठेवला. त्याहून जवळ असला तर स्फोटाची लाट सेन्सरला गोळी वाटते आणि आकडे विचित्र येतात. थेट उन्हात वाचन गळत होतं, वर पांढरा पडदा लावल्यावर नीट आलं.

पसारा: १४० ग्रेन ४८ मिमी, १७५ ग्रेन ३२ मिमी. गळ्याच्या साच्यावरून जे दिसलं होतं त्याच्याशी हे जुळतं. उलट वेळी असंही होतं की एखादी नळी हलकी गोळीच पसंत करते, म्हणून साचा पाहून काडतुसांचा साठा करू नये. एकेक खोकं आणून कागदावर पाहावं. या सगळ्या कामात सर्वात महाग वस्तू काडतुसंच ठरतात, आणि दुरुस्तीच्या आधी उडवलेली बहुतेक वाया जातात.

ऊर्जेचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. नळीच्या तोंडाशी १७५ ग्रेन सुमारे २,९४० जूल, १४० ग्रेन २,८०० च्या आसपास. २०० मीटरवर गोल टोकाची गोळी १,६०० वर उतरते, टोकदार १,८६० ला टिकते. गोल टोक हवेत वेग लवकर गमावतं. म्हणजे जड गोळीचा वरचष्मा जवळच्या अंतरापुरताच. रानात १५० मीटरच्या आत झाडायचं असेल तर १७५ ग्रेन घ्यावी, ही इथली निवड. उघड्या माळावर २०० च्या पुढे जायचं असेल तर १४० बरी, आणि ४८ मिमीचा पसाराही त्यासाठी पुरेसा आहे.

प्रत्येक गोळीनंतर पुंगळी पाहिली. प्रायमर सपाट नाही, कडेवर चकाकता ओरखडा नाही, बोल्टची मूठ सहज उठते. यातलं काही दिसलं असतं तर ते खोकं बंद. चाप ओढूनही न उडालेलं काडतूस असेल तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान एक मिनिट थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा.

१२ डिसेंबर: मॅगझिन

टोकदार गोळ्यांची शिशाची टोकं चपटी होऊन निघाली. मॅगझिनमध्ये उरलेली काडतुसं धक्क्यानं पुढे सरकतात आणि टोक पुढच्या भिंतीवर आपटतं. गोल टोकाला हा त्रास नाही, चेंबरमध्येही ती अडखळत नाही. चपट्या टोकाचा १०० मीटरवर परिणाम दिसला नाही.

९८ मध्ये काडतूस सुटं चेंबरमध्ये टाकून बोल्ट ढकलायचा नाही. पंजा पुंगळीची कड मागून वर येताना पकडण्यासाठी आहे. कडेवरून उडी मारायला लावलं तर त्याचं टोक उडतं. एकच गोळी झाडायची असली तरी ती मॅगझिनमधून.

१८ डिसेंबर: नेम पक्का करणं

बोल्ट काढून नळीतून लक्ष्य पाहिलं, रायफल हलू न देता दुर्बिणीचा क्रॉस त्यावर आणला. मग २५ मीटरवर एक गोळी, दुरुस्ती, आणि १०० मीटरवर गट. या दुर्बिणीचा एक टिचका १०० मीटरवर १ सेंमी हलवतो. एका गोळीवरून टिचके फिरवायचे नाहीत, तीन गोळ्यांच्या मध्यावरून फिरवायचे. दोन गटांच्या मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं.

१७५ ग्रेनचा मध्य १०० मीटरवर ४ सेंमी वर ठेवला. दुर्बिणीची उंची नळीपासून ४५ मिमी. त्यावरून येणारा मार्ग: ५० मीटरवर २.५ सेंमी वर, १४५ च्या आसपास शून्य, १५० वर १ सेंमी खाली, २०० वर १३ सेंमी खाली. म्हणजे १५० मीटरपर्यंत नेम सरळ जिथे मारायचं तिथे. २०० चा आकडा प्रत्यक्ष कागदावर झाडून तपासला, कारण हिशेबात गोळीचा हवेतला गुणांक अंदाजी असतो. तो एखाद-दोन सेंटिमीटरच्या फरकानं जुळला.

याच मांडणीत १४० ग्रेन झाडली तर ती १०० मीटरवर वर आणि ३ सेंमी डावीकडे पडली. दोन प्रकारची काडतुसं एकाच पट्ट्यात ठेवू नयेत. निवडलेल्या काडतुसाचा लॉट-क्रमांक (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) दस्त्याच्या बटप्लेटखालच्या कागदावर लिहिला. नवा लॉट आला की पुन्हा तीन गोळ्या.

२ जानेवारी: थंड नळीची पहिली गोळी

शिकारीत उपयोगी पडते ती पहिलीच गोळी, म्हणून ती वेगळी तपासली. तेल लावून ठेवलेल्या नळीतून पहिली गोळी गटापासून ५ सेंमी वर गेली. कोरडी चिंधी फिरवून तेल पूर्ण काढलं तर ती गटाच्या कडेला आली. पूर्ण साफ करून तांबं काढलेल्या नळीला गटात बसायला दोन-तीन गोळ्या लागल्या. म्हणून हंगामात अमोनियाचं द्रावण नको: झाडून झाल्यावर कार्बनची चिंधी, हलकं तेल, आणि बाहेर निघण्याआधी चेंबर आणि नळी कोरडी. तांब्याची पूर्ण सफाई हंगाम संपल्यावर, किंवा पसारा ४५ मिमीच्या पुढे गेला तर. दस्त्याचे दोन्ही स्क्रू पहिल्या वीस गोळ्यांनंतर पुन्हा टॉर्क-पान्यानं पाहिले. पुढचा पाव फेरा घ्यावा लागला, मागचा जागेवर होता.